पिकअप मरतो, एसी बंद पडतो, चार कोड एकदम येतात. सेन्सर बदलू की थांबू?

मोगरा

मंडळी, गाडीबद्दल सल्ला हवाय. पेट्रोल हॅचबॅक आहे, २०१८ची, मॅन्युअल गिअर. राहते कासारवडवलीला, ऑफिस ऐरोलीला, म्हणजे रोजचा घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा, विटावा. पावसाळा सुरू झाल्यापासून मधूनच इंजिन चेकचा दिवा लागतो आणि गाडी ओढेनाशी होते. ॲक्सिलरेटर पार खाली दाबला तरी रिक्षासुद्धा पुढे निघून जाते. बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की बहुतेक वेळा काहीच झालं नाही अशा थाटात चालायला लागते. परवा नेमकं माजिवड्याच्या पुलाच्या चढावर झालं. मागच्या ट्रकवाल्याने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. बिघाडाचे चार कोड आले: पी०१०७, पी०५३२, पी२१२२ आणि पी०६४२. त्यांचं म्हणणं, मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजतो तो), एसीचा प्रेशर सेन्सर आणि ॲक्सिलरेटरचं पेडल, तिन्ही बदलावं लागेल. सव्वीस हजारांचा अंदाज दिलाय, पार्ट मागवायला अर्धे आधी. चौथ्या कोडचं विचारलं तर म्हणाले, "तो या तिघांमुळेच आलाय मॅडम, जाईल आपोआप."

तीन वेगवेगळ्या जागचे तीन सेन्सर एकाच आठवड्यात कसे जातील? मला पटत नाहीये, पण नाही म्हणायला माझ्याकडे कारणही नाही.

उगाचच

विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून पाण्यातून काढली असणार. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेला. पावसाळ्यानंतर विकून टाका, तोपर्यंत ट्रेन.

मोगरा

पाणी साचलं असलं की मी त्या वाटेला जातच नाही हो. गालिचे कोरडे आहेत, कुठे कुबट वासही नाही.

पोडियमचा_उंदीर

नावावरून कळलंच असेल मी काय सांगणार ते. बोनेट उघडून बॅटरीखाली आणि विंडस्क्रीनच्या खालच्या पन्हाळीत बघा. लेंड्या, कुरतडलेला फोम, कागदाचे कपटे दिसले तर गुन्हेगार सापडला. आमच्या सोसायटीत एका रात्रीत इंजेक्टरची वायर साफ केली होती. आता मी तंबाखूची पुरचुंडी ठेवतो.

तुर्भे_वायरमन

तंबाखू खाऊन उंदीर उलट ताजातवाना होतो. जाळी मारा.

पारसिककाका

मोगराताई, अर्धे पैसे देऊ नका, निदान दोन दिवस. तुमची शंका रास्त आहे.

मी गाड्यांमधला नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये नोकरी केली. पण सेन्सर तो सेन्सर. आमच्याकडे प्रेशर ट्रान्समीटर ४ ते २० मिलिॲम्पियरवर चालायचे. शून्य दाबाला शून्य न देता ४ का द्यायचे? कारण मग ० आलं की समजायचं, दाब गेलेला नाही, वायर तुटली आहे. गाडीतल्या तीन वायरींच्या सेन्सरमध्ये हीच युक्ती व्होल्टमध्ये केलेली असते. ईसीयू त्याला ५ व्होल्ट पुरवतो, एक वायर अर्थची, आणि तिसरीवरून सेन्सर साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टच्या दरम्यान काहीतरी परत सांगतो. अगदी शून्याजवळ किंवा अगदी पाचला टेकलेलं उत्तर आलं तर ईसीयू ते खरं मानत नाही, "सर्किट लो" किंवा "सर्किट हाय" अशी नोंद करतो.

आता तुमचे कोड. पी०१०७ म्हणजे मॅप सेन्सरचं सर्किट लो. पी०५३२ म्हणजे एसीच्या गॅस प्रेशर सेन्सरचं सर्किट लो. पी२१२२ म्हणजे पेडलमधल्या दोन सेन्सरांपैकी एकाचं सर्किट लो. तिन्ही लो. तिन्ही एकाच दिशेला झुकलेत हे लक्षात घ्या. आणि ज्याला गॅरेजवाले किरकोळ म्हणतायत तो पी०६४२ सांगतोय की ईसीयूतून निघणारी ५ व्होल्टची एक लाइनच खाली बसली आहे. त्यात कुठल्याच सेन्सरचं नाव नाही. एका मजल्यावरच्या तिन्ही घरांतले दिवे एकदम गेले तर आपण तिघांचे बल्ब बदलत नाही, खाली जाऊन मीटरची खोली बघतो.

पेडलमध्ये दोन सेन्सर असतात आणि बहुतेक गाड्यांत त्यांचा ५ व्होल्टचा पुरवठा वेगवेगळ्या लाइनवरून येतो. तुमचा एकच लो दाखवतोय, दुसरा शाबूत आहे, म्हणून गाडी जागच्या जागी थांबत नाही, लंगडत का होईना चालते. ही सोय मुद्दाम केलेली आहे.

दोन गोष्टी विचारून घेतो. पिकअप जातो तेव्हा एसीचं काय होतं? आणि स्कॅनरमध्ये "फ्रीझ फ्रेम" पाहिलीत का? कोड पहिल्यांदा पडला त्या क्षणी वेग, आरपीएम, कूलंटचं तापमान काय होतं ते तिथे साठवलेलं असतं. कोड पुसू नका, त्यांच्याबरोबर तेही पुसलं जातं.

मोगरा

काका, एसी गरम हवा मारायला लागतो! दोन्ही एकदमच होतं. मला वाटलं तो वेगळा आजार आहे. त्याच गॅरेजने मागे एसीत गॅससुद्धा भरून दिला होता.

फ्रीझ फ्रेमचा फोटो माझ्याकडे आहे. वेग ४, आरपीएम १३५०, कूलंट ३४ अंश.

तुर्भे_वायरमन

गॅसचे पैसे गेले म्हणा. गॅसचं प्रेशर कळलं नाही तर ईसीयू कॉम्प्रेसर लावतच नाही. गॅस फुल असला तरी नाही.

ताई, कूलंट ३४ म्हणजे इंजिन थंड. वेग ४. म्हणजे सकाळी पार्किंगमधून निघतानाच पहिला कोड पडलाय. पाण्याचा, हायवेचा काही संबंध नाही. गाडी कशी लावता? तोंड भिंतीकडे?

मोगरा

हो, तोंड भिंतीकडे. सकाळी रिव्हर्स घेऊनच निघावं लागतं, वर पोडियमचा रॅम्प.

तुर्भे_वायरमन

बास. पुढच्या गिअरला इंजिन एका बाजूला कलतं, रिव्हर्सला उलट बाजूला. इंजिन ज्यांवर टेकलेलं असतं ते फाउंडेशनचे रबर बसले असले तर जास्तच. इंजिनावरून बॉडीकडे जाणारं लूम, म्हणजे वायरींचा जुडगा, त्या वेळी ताणलं जातं, नाहीतर कुठल्यातरी पट्टीला टेकतं. पुलाच्या चढावर अर्धा क्लच सोडताना झटका बसला की तेच. माझा अंदाज, ५ व्होल्टच्या वायरीचं कव्हर घासून तांबं उघडं पडलंय आणि ते बॉडीला लागतंय.

या दोन-तीन महिन्यांत इंजिन-गिअरबॉक्सचं काही काम केलं का?

मोगरा

मेअखेरीस क्लचप्लेट बदलली. दुसऱ्या गॅरेजमध्ये.

तुर्भे_वायरमन

गिअरबॉक्स उतरवताना लूमच्या क्लिपा काढाव्याच लागतात. परत बसवताना एखादी तुटते, कोणी केबल टाय मारतं, कोणी तसंच लोंबतं सोडतं. पावसावर उगाच आळ आला, पाऊस आणि क्लच एकाच सुमारास झाले एवढंच.

उगाचच

बघितल्याशिवाय एवढी खात्री? ईसीयूच्या आतला ५ व्होल्टचा रेग्युलेटर गेला तरी हाच कोड येईल की.

पारसिककाका

येईल. म्हणूनच मोजायचं. पण रेग्युलेटर गेला असता तर चावी बंद-चालू केल्यावर रोज शहाण्यासारखा परत आला नसता. शॉर्ट झाला की लाइन खाली बसते, शॉर्ट सुटला की पुन्हा उठते, तसं बनवलेलंच असतं. ईसीयूवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा, कारण तो सगळ्यात महाग आहे आणि सगळ्यात कमी वेळा दोषी असतो.

मोगराताई, मल्टीमीटर आहे का घरी? डिजिटल, साधा चालेल. रविवारी सकाळी हे करून बघा.

आधी बॅटरी. गाडी रात्रभर उभी असताना १२.४ ते १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५. बॅटरी मरायला टेकली असेल तर बाकीची मापं वाचण्यात अर्थ नाही. मग चावी ऑन, इंजिन बंद. मॅप सेन्सरचं कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, काढा. मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल वायर कपलरच्या तिन्ही पिनांना आळीपाळीने. एका पिनेवर ५ व्होल्टच्या अगदी जवळ आकडा दिसायला हवा, ४.९ ते ५.१. एका पिनेवर जवळजवळ शून्य, ती अर्थ. ५ दिसतात ती आपली.

आता मीटर तिथेच धरून दुसऱ्या कोणालातरी लूम हलवायला सांगा. सावकाश, हातभर हातभर पुढे सरकत. आकडा ५ वरून धाडकन खाली आला की हात जिथे आहे तिथे थांबायचं.

तीन गोष्टी करू नका. वायरीत टाचणी खुपसू नका, त्या भोकातून पावसाळ्यात ओल शिरते आणि पुढच्या वर्षी आतलं तांबं हिरवं पडतं. बल्बवाला जुना टेस्टर ईसीयूच्या वायरींना लावू नका, तो नको तेवढा करंट ओढतो. आणि पिवळ्या कपलरला किंवा पिवळ्या वेष्टनातल्या वायरींना हात लावू नका, त्या एअरबॅगच्या.

पामबीच

मधेच घुसतोय, माफ करा. माझ्या गाडीत रेडिएटरचा पंखा चावी लावल्या लावल्या सुरू होतो आणि थांबतच नाही. मोबाइलच्या ॲपमध्ये कूलंट टेंपरेचर उणे ४० दाखवतंय. नेरूळमध्ये!

पारसिककाका

अगदी सोपं आहे तुमचं. कूलंटचा सेन्सर दोन वायरींचा, तापमान वाढेल तसा त्याचा रोध कमी होत जातो. थंडपणी दोन-अडीच हजार ओहम, ८० अंशांना सुमारे तीनशे. उणे ४० म्हणजे सर्किट उघडं, ईसीयूला पलीकडे कोणी सापडतच नाही. इंजिन तापून बसू नये म्हणून तो पंखा कायम लावून ठेवतो, बिचारा सावधपणे वागतोय.

चावी बंद करून कपलर काढा, कपलरच्या दोन पिना बारीक वायरीने एकमेकींना जोडा, चावी ऑन करून ॲप बघा. आकडा एकदम टोकाला, १३० किंवा त्याहून वर गेला तर वायरिंग आणि ईसीयू दोन्ही ठीक, सेन्सर बदला. उणे ४०वरच राहिला तर वायर नाहीतर कपलर बघा. हे फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरला बरं का. तीन वायरींच्या कपलरमध्ये असं काही जोडलंत तर मोगराताईंच्या गाडीत जे आपोआप होतंय ते तुम्ही हाताने कराल.

मोगरा

मीटर भाच्याकडून आणला. बॅटरी १२.५, चालू केल्यावर १४.२. मॅपच्या कपलरला ५.०२. लूम वरून जेवढं हाताला येतं तेवढं सगळं हलवलं, आकडा हलायला तयार नाही. गाडीतले आकडे मोबाइलवर दाखवणारा ईएलएम ३२७वाला अडॅप्टरपण लावला. चावी ऑन, इंजिन बंद असताना ॲपमध्ये मॅप १०० किलोपास्कल दाखवतो, चालू केल्यावर ३५ च्या आसपास.

तुर्भे_वायरमन

म्हणजे मॅप सेन्सर ठणठणीत. ठाण्यात हवेचा दाब तेवढाच असतो, १००. बंद इंजिनात तो हवेचाच दाब वाचतो. सेन्सर खराब असता तर इथेच गडबड दिसली असती. साताठ हजार वाचले तुमचे.

वरून हात पोचत नाही अशा ठिकाणीच असणार. आता इंजिन कलवावं लागेल.

पारसिककाका

हे एकटीने करू नका. कपलर परत लावा. मीटरची लाल टोकदार पिन कपलरच्या मागच्या बाजूने, वायर आत शिरते तिथून अलगद सरकवा, ५ व्होल्टच्या वायरीला. सैल कपडे, ओढणी इंजिनाजवळ नको. गाडी सपाट जागी, चाकांना दगड, हँडब्रेक पूर्ण, पायाचा ब्रेक पूर्ण, आणि गाडीच्या समोर किंवा मागे कोणीही उभं नको, बघणारा बाजूला. मग रिव्हर्स टाकून क्लच फक्त इंजिन कलेल इतकाच सोडायचा.

मीटरमध्ये "मिन-मॅक्स"ची सोय असेल तर ती लावा. ॲपवर विसंबू नका, स्वस्तातले अडॅप्टर सेकंदाला मोजकीच वाचनं घेतात, क्षणभराचा शॉर्ट मधल्या मधे निसटून जातो.

मोगरा

सापडलं!! म्हणजे जागा अजून नाही, पण आकडा सापडला. भाऊजी क्लचवर, मी बाजूला मीटर घेऊन. रिव्हर्समध्ये इंजिन कललं आणि ५.०२ वरून ०.१८. तेवढ्यात इंजिन चेकचा दिवा. क्लच दाबला की पुन्हा ५. भाऊजींचा आधी अजिबात विश्वास नव्हता, नंतर तेच "अजून एकदा, अजून एकदा" करत बसले.

तुर्भे_वायरमन

आता तेवढ्याच स्थितीत एकेक कपलर काढून बघा. एसीचा प्रेशर सेन्सर काढला आणि तरीही ०.१८ आलं तर तो निर्दोष. तसंच पेडलचं. कुठल्यातरी एकाला काढल्यावर ५ टिकले, तर तो सेन्सर किंवा त्याच्याकडे जाणारा फाटा. कपलर काढल्यामुळे नवे कोड पडतील, घाबरू नका, शेवटी पुसू.

मोगरा

तिन्ही काढून झाले. तरीही ०.१८.

तुर्भे_वायरमन

लूम. मुख्य लूममध्येच. घेऊन या तुर्भ्याला, किंवा तिथल्या एखाद्या चांगल्या वायरमनला हा धागा वाचायला द्या. लिफ्टवर चढवून गिअरबॉक्सच्या वरचा भाग बघायचा, बॅटरीचा ट्रे काढून.

पोडियमचा_उंदीर

एक विचारू? स्कॅनर तर त्या गॅरेजकडेही होता. चार कोड त्यांनीही वाचले. मग हे त्यांना का सुचलं नाही? की सुचलं आणि बोलले नाहीत?

तुर्भे_वायरमन

दादा, खरं सांगू? आमच्याच लोकांवर बोट आहे तर बोलतो. स्कॅनर कोड दाखवतो आणि खाली सेन्सरचं नाव लिहितो. नवीन पोरगा नाव वाचतो आणि पार्ट मागवतो. त्याला मल्टीमीटर कोणी शिकवलाच नाही. हा एक भाग.

दुसरा भाग गिऱ्हाइकाचा आहे. मी तीन तास लूम शोधलं आणि दोन इंचांची स्लीव्ह चढवून दिली, बिल दोन हजार केलं, तर म्हणतात "टेप मारायचे दोन हजार?" तेच मी आठ हजारांचा सेन्सर डब्यातून काढून लावला, तर निमूट देतात, वर जुना पार्ट पिशवीत घालून घरी नेतात. शोधायचे पैसे द्यायला कोणी तयार नाही. मग गॅरेज शोधणार कशाला? एक पार्ट लावून बघतात, नाही झालं तर दुसरा. त्यांच्या खिशातून काय जातंय?

मी आता आधीच सांगतो, तपासणीचे एवढे, दोष सापडो न सापडो. निम्मे लोक निघून जातात. जे थांबतात त्यांची गाडी होते.

उगाचच

न सापडताही पैसे? हे डॉक्टरकडेच ठीक आहे.

पारसिककाका

कारखान्यात आम्हाला पगार सापडो न सापडो मिळायचा, म्हणून आम्ही शांतपणे शोधू शकायचो. वायरमन बरोबर सांगतायत. फक्त तपासणीनंतर गिऱ्हाइकाला आकडे लिहून द्यायला हवेत, कुठे किती व्होल्ट आले ते. मग टेप मारायचे दोन हजार असं कोणी म्हणणार नाही. "सेन्सर खराब आहे" हे वाक्य आकड्याशिवाय ऐकूनच घ्यायचं नसतं.

मोगरा

झालं एकदाचं. तुर्भ्याला नाही जमलं, कापूरबावडीजवळच्या एका वायरमनकडे गेले, धागा दाखवला. त्यांनी शांतपणे सगळा वाचला, उगाचच यांच्या प्रतिक्रियेवर हसले आणि म्हणाले, तपासणीचे वेगळे घेईन.

बॅटरीचा ट्रे काढल्यावर गिअरबॉक्सच्या वर लूमची क्लिप तुटलेली, लूम खाली लोंबून एका पत्र्याच्या ब्रॅकेटच्या धारेवर टेकलेलं. वरची काळी नळी आणि टेप घासून गेलेली, आत एका वायरीचं तांबं चमकत होतं, ब्रॅकेटवर त्याच जागी बारीक ओरखडा. शेजारच्या दोन वायरींचंही कव्हर अर्धं गेलं होतं. त्यातली एक सतत बारा व्होल्टची. त्यांनी सांगितलं की ती आणि ५ व्होल्टची एकमेकींना लागल्या असत्या तर तिन्ही सेन्सर खरोखरच गेले असते.

खराब तुकडा कापून नवा जोडला, डाग दिला, आतून डिंक सुटणारी स्लीव्ह तापवून चढवली, वर नवी नळी, आणि लूम नव्या क्लिपेत वर उचलून बांधलं. ब्रॅकेटच्या धारेलाही रबर लावलं. मग माझ्याच समोर रिव्हर्स टाकून मीटर दाखवला, ५.०१, हलायला तयार नाही. मागचं फाउंडेशनही बसलेलं होतं, ते बदललं. तपासणी, वायरिंग, फाउंडेशन मिळून सहा हजारांच्या आत. एसी आता असा गार आहे की घाटकोपरच्या मावशी शाल मागत होत्या.

पारसिककाका

छान. डाग दिल्यावर वायर तिथे कडक होते, हलत्या जागी पुन्हा मोडते. जोड क्लिपेच्या जवळ, न हलणाऱ्या भागात आहे ना?

मोगरा

हो, विचारलं होतं. क्लिपेच्या बॉडीकडच्या बाजूला घेतलाय.

तुर्भे_वायरमन

चांगला माणूस मिळाला. नंबर जपून ठेवा.

पामबीच

माझंही कळवतो. पिना जोडल्यावर आकडा १४० ला गेला, म्हणजे सेन्सरच. नवा लावला, पंखा शहाणा झाला. पण कपलरचं लॉक तुटलंय आणि एक पीन हिरवट झाली आहे. आख्खं लूम घ्या म्हणतायत शोरूमवाले. नुसतं कपलर मिळतं का कुठे?

तुर्भे_वायरमन

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या दुकानांत विचारा, वायरीच्या वीतभर शेपटासकट कापून देतात. तुमचं तुटकं कपलर बरोबर न्या, पिना आणि खाच जुळवूनच घ्या, फोटोवर विश्वास ठेवू नका. सोमवारी जाऊ नका, गर्दीत कोणी डबा उघडून दाखवत नाही.